वाजलं की वाढायचं

आईला जाऊन महिना झाला. घरात भांडी कमी वाजतात एवढाच फरक मला सांगता येतो. बाकीचं अजून नीट मांडता येत नाही. म्हणून जे मांडता येतं ते लिहितो. ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटाविषयी आहे.

अण्णा महसूल खात्यात कारकून होते. बहात्तरच्या दुष्काळात त्यांना खडी फोडण्याच्या कामावर हजेरी घ्यायला पाठवलं. समोर उपाशी माणसं बसलेली असताना डबा उघडायचा कसा, म्हणून ते उघडत नसत. दिवसभर नुसता चहा. दुष्काळ संपला, पोटातली जळजळ राहिली. पुढे लातूर जिल्हा झाला आणि त्यांची तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली. कपाटांच्या आधी फायली आल्या होत्या. त्या जमिनीवर रचताना अण्णांना रक्ताची उलटी झाली. फायलींवर नाही, बाजूला, हे ते आजही आवर्जून सांगतात.

ऑपरेशन नांदेडला झालं. सर्जन म्हणाले, अल्सर पुन्हा होऊ नये म्हणून पोटाकडे जाणारी नस कापली आहे आणि जठरातून आतड्यात एक नवी वाट काढून दिली आहे. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. आम्ही मान हलवली आणि एसटीने लातूरला आलो.

आम्ही लिंगायत. आधी अंघोळ, मग डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा, आणि त्यानंतरच अन्न. पूजेत बोलायचं नाही. भाड्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत चूल आणि पूजा शेजारी शेजारी होत्या. आई पीठ मळून, तवा तापवून, अण्णांकडे पाठ करून बसायची. पूजा संपत आली की अण्णांचं पोट वाजायचं. चांगलं खणखणीत, बाहेरच्या खोलीत मला ऐकू येईल असं. ते वाजलं की आई पहिली भाकरी थापायची, आणि अण्णा लिंग वस्त्रात बांधून पाटावर येईपर्यंत ती ताटात पडलेली असायची. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. अण्णांनी आयुष्यात कधी "वाढ" म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

ऑपरेशननंतर पोट वाजेना. आई तवा तापवून बसायची, मग तवा उतरवायची. अण्णा पूजा आटोपून पाटावर यायचे, समोर ताट नसताना जरा बसायचे आणि उठून कचेरीत जायचे. त्यांना वाटायचं, टँकर आला नसेल, घरात पाणी नसेल, कशाला विचारा. आईला वाटायचं, भूक नसलेल्या माणसाला वाढलं तर ते अंगी लागत नाही. संध्याकाळी मी ताट घेऊन बसलो की अण्णांनाही थोडं मिळायचं. आई त्यांच्या आधी कधी जेवत नसे, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तीही उपाशीच राहायची. हे सगळं मला तेव्हा कळत होतं असं नाही. मी कॉलेजात होतो आणि पुस्तकात डोकं घालून बसत होतो.

ओळखीच्या एका आडत दुकानात तुरीच्या पोत्यांच्या काट्यावर अण्णांचं वजन व्हायचं. पहिल्यांदा आडत्या म्हणाला, "या अर्धं पोतं." पंधरा दिवसांनी म्हणाला, "कारकूनसाहेब, अर्ध्या पोत्यातबी घट आली की. उंदीर लागले का काय?" तिसऱ्या वेळी थट्टा नाही. त्याने काटा दोनदा पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "नांदेडला ने रे बाबा, आजच."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नांदेडला गेलो. सर्जननी अण्णांचं पोट दाबून पाहिलं.

"भूक लागते?"

"नाही."

"मग खाता का?"

"वाढलं तर खातो."

सर्जननी दाराशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. "तुम्ही वाढत नाही?"

"वाजलं की वाढते," आई म्हणाली. "वाजनाच गेलंय."

काय वाजत नाही, हे त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी कागदावर आकृती काढली. मेंदूतून निघालेली नस गळ्यातून, छातीतून खाली पोटात येते. तिचं नाव व्हेगस. आम्ल सुटू दे, असा हुकूम ती जठराला देते, म्हणून ती कापली. पण घुसळ, पुढे ढकल, हे हुकूमही तीच देते. जेवणाची वेळ झाली, तवा तापल्याचा वास आला, की मेंदू तिच्यावरूनच पोटाला तयार राहायला सांगतो. "तेच तुम्ही इतकी वर्षं ऐकत होता. आतडी आपली आपण हलतात, पण वेळेवर वाजणार नाहीत. ती तार मी तोडली, बाई."

"मंग जोडून द्या की."

"जोडता येत नाही."

"तोडायच्या आधी मला इचारायचं तरी," आई म्हणाली.

सर्जन हसले नाहीत. परत बजावलं की भुकेची वाट पाहू नका, नाहीतर माणूस हातचा जाईल.

एसटीत आई अहमदपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, माझं तर वाजलालंय की."

अण्णांना कळलं नाही.

"माझी तार कुणी तोडली न्हाई. माझं वाजलं की दोघं बसू."

दुसऱ्या दिवशी अण्णांची पूजा संपली तेव्हा दोन ताटं मांडलेली होती. अण्णा पाटावर बसले आणि म्हणाले, "मला भूक नाही."

"मला हाय," आई म्हणाली. "बसा."

बायकोला भूक लागली आहे, हे अण्णांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी मुकाट्याने भाकरी मोडली. जठर आपल्या चालीने रिकामं होत राहिलं, अण्णा घरी असताना आई दोन-दोन तासांनी भुकेली होत राहिली, आणि दिवाळीपर्यंत आडत्या पुन्हा थट्टा करू लागला. आईचंही वजन वाढलं. ते कुणी काट्यावर पाहिलं नाही.

पुढे चाळीस वर्षं दोघं एकदमच जेवले.

आता अण्णांची पूजा संपते, ते लिंग बांधतात, पाटावर येतात आणि बसून राहतात. गेल्या आठवड्यापासून मी दुसरं ताट घेऊन समोर बसतो. ते विचारतात, "तुला भूक लागलीय का?"

माझा नाश्ता झालेला असतो. मी हो म्हणतो.