बुधाचं बटण

बुधा दिवसा अंबडच्या कारखान्यात लेथवर असायचा आणि जयंतीला वस्तीच्या मंडपात भोंग्यांच्या मशीनवर. मशीनला दोन बटणं, एक गाणाऱ्यांच्या माईकचं, दुसरं निवेदकाच्या. मधेच निवेदक बोलू लागला, की बुधा गाण्याचं बटण दोन बोटांनी अलगद उतरवायचा, दूध वर येताना बाई चुलीतलं लाकूड मागं ओढते तसं. बोलणं संपलं की परत चढवायचा. गाणारीला पत्ताही लागत नाही, असं त्याला वाटायचं. एका जत्रेत हरवलेल्या पोरीची सूचना गाण्यात बुडालेली त्यानं पाहिली होती. तेव्हापासून त्याचा नेमच झाला, बोललेलं ऐकू गेलंच पाहिजे.

पण बोलायचं काय, याला काही सुमार? त्र्याऐंशी सालच्या जयंतीला निवेदक यादवमास्तरांनी नुसता उच्छाद मांडला. साहेब आले, करा गाणं खाली. साहेबांना हार, गाणं खाली. हार आणणाऱ्याचे आभार, पुन्हा खाली. एका पाहुण्याची चप्पल बदलली, तर तीसुद्धा भोंग्यावरून वस्तीभर गाजली! आणि गात कोण होतं? बुधाची आई, चिमणाबाई. बांधकामावर पाट्या वाहून साठीला टेकलेली, अक्षरशत्रू बाई. दर जयंतीला स्वतः नवं गाणं जुळवायची आणि बुधा कामावर असताना विहारात बायांकडून बसवून घ्यायची. दहा वर्षांत तिचं नाव त्या माईकवरून एकदाही निघालं नव्हतं. "आता महिला मंडळ गीत सादर करेल," एवढ्यावर बोळवण. चपलेला मान होता, गाणारीला नव्हता.

बुधानं सकाळीच मास्तरांना गाठलं होतं. "गुरुजी, यंदा आईचं नाव घ्या. गाणं तिचं हाय."

"घेऊ की. गाणं संपत आलं की घेऊ."

गाणं संपत आलं. मास्तर मशीनशेजारच्या टेबलावर माईक ठेवून पाहुण्यांबरोबर चहा पीत बसले होते. हसत होते, बशीत ओतून फुरके मारत होते. बुधा त्यांच्याकडे बघून बघून थकला. शेवटचं कडवं सुरू झालं, तरी मास्तरांची बशी काही खाली होईना. बुधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं हात लांबवून तो माईक उचलला आणि दुसऱ्या हातानं, सवयीनं, गाणं खाली घेतलं.

"ऐका!" तो ओरडला. "हे गाणं चिमणाबाईनं जुळवलंय. पाट्या वाहणाऱ्या चिमणाबाईनं! दहा वर्षं गाती ती, आन् तुमाला तिचं नाव घ्यायला तोंड नाय? चपलेचं घेता!"

मंडपातले सगळे त्याच्याकडे वळले. मग मागच्या बाया टाळ्या वाजवू लागल्या, मास्तरांचा चेहरा पडला. बुधानं बटण चढवलं तेव्हा गाणं संपलेलं होतं.

घरी जाताना तो छाती काढून चालत होता. चिमणाबाई मात्र झपाझप पुढं निघाली होती. दारात आल्यावर वळली.

"गानं का खाली केलंस?"

"आई, तुझं नाव घेतलं ना भर मंडपात!"

"नाव मीच घेत व्हते," ती कडाडली. "गानं जुळवनाराचं नाव शेवटच्या ओळीत येतं, येवढं म्हाईत नाय तुला? दरसाली घेते. दरसाली तितंच मास्तर तोंड घालतो, आन् तू मला खाली करतोस. यंदा तो मेला चा ढोसत बसला व्हता. म्हनलं, आज तरी लोकांस्नी ऐकू जाईल. तर तूच उठलास!"

बुधा उंबऱ्यापाशीच थांबला. दहा वर्षं त्याचा कान बोलण्याकडे होता, गाण्याकडे नव्हता. मास्तरांना त्यानं इतक्या शिव्या मोजल्या, आणि ती ओळ उतरवणारी बोटं त्याचीच होती.

"म्हण की आता," तो हळूच म्हणाला. "ऐकतो मी."

"तुला एकट्याला ऐकवायला जुळवलं व्हतं व्हय?" चिमणाबाई म्हणाली आणि आत निघून गेली.