सेल्वराजने ओलांडलेला उतार

आमच्या चेन्नईतल्या पेरुंगुडीत थंडी म्हणजे पंखा एकवर. इथल्या पोरांचा बर्फ मनालीच्या फोटोंतला. मी तो काश्मीरमध्ये पाहिला, २००६ साली, एका उंच पोस्टवर नर्सिंग असिस्टंट असताना.

चेन्नईचा हवालदार सेल्वराज आमचा रूट लीडर, बर्फातून वाट काढणारा. मी त्याला उस्ताद म्हणायचो. फौजेत येईपर्यंत त्याने बर्फ पाहिला नव्हता, पण बर्फाची नस त्यालाच सापडली होती. रोज सकाळी खड्डा खणून थर बघायचा. त्या दिवशी तळाचा बर्फ मुठीत दाबला, तर रव्यासारखा सुटा, गोळाच होईना. वर मात्र वाऱ्याने थापलेला जाड, कडक थर. म्हणाला, वरचा थर कधीही सरकेल, आज खाली जायच्या वाटेवरच्या उतारावर कुणी पाय ठेवायचा नाही.

दुपारी उंचीमुळे जवान रमेशच्या फुप्फुसात पाणी भरलं. शेवटचा ऑक्सिजन सिलिंडर लावला; तो संपायच्या आत त्याला खाली न्यायलाच हवं होतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येईना. खालच्या पोस्टची पार्टी उताराच्या पलीकडे येऊन थांबली. नियम असा, की उतारावर एका वेळी एकच माणूस. स्ट्रेचरला चार लागतात.

"रस्सी मी पलीकडे नेतो," सेल्वराज सुभेदार साहेबांना म्हणाला. "रमेशला स्लेजवरून ओढून घेऊ."

कमरेची लाल एव्हलांच कॉर्ड, म्हणजे माणूस गाडला गेला तर शोधायला बांधलेली दोरी, मागे सोडत तो एकटा पार गेला. स्लेज निघाला आणि मध्येच अडकला. रेडिओवर त्याचा आवाज आला, "सोडवायला जातोय. ओव्हर."

त्याने स्लेज सोडवला. रमेश पलीकडे पोचला, सेल्वराज अजून उताराच्या मध्यावर होता.

मग आमच्या पायाखालून घुम्म असा आवाज आला. उतारावरच्या कड्याखाली बर्फात एक रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली, आणि अख्खा उतार एकसंध सरकला. खोटं कशाला बोलू, इतकं भव्य मी जन्मात पाहिलं नाही. मी नुसता बघत राहिलो. आणि त्यात माझा उस्ताद होता.

लाल कॉर्ड धरून आम्ही खणत गेलो. सापडला तेव्हा श्वास नव्हता. मी छाती दाबतच राहिलो, शेवटी सुभेदार साहेबांनी माझे हात धरले.

रमेश वाचला. फौज सोडल्यावर मला नोकरी चेन्नईतच लागली. सेल्वराजच्या आईला भेटायला गेलो. तो बर्फ केवढा होता, तिने विचारलं.

"अम्मा, त्सुनामीचा समुद्र आठवतो? तेवढा."

"आणि त्याच्यापुढे माझा मुलगा एकटा गेला?"

"हो, अम्मा. दुसऱ्या कुणाला त्याने येऊच दिलं नाही."