ही मस्त उभी राहते

"तुला साधी एक वायर सांभाळता येत नाही?"

मुलुंडच्या एका मसाला कंपनीत, सहा माणसांसमोर, सर मला हे म्हणाले. पडदा निळा पडला होता. नुसता निळा. आमची अंधेरीतली छोटी कंपनी, पाकिटांची डिझाइनं करणारी. सर तिचे मालक. नवीन पाकिटं दाखवायला आम्ही गेलो होतो. वायर आमची ठीक होती. त्यांच्याच प्रोजेक्टरची खाच ढिली होती. वायर दाबून धरली की चित्र यायचं, सोडली की जायचं. ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर सर तिथल्या मॅडमकडे वळले होते.

"सॉरी हं मॅडम. या लोकांना कितीही संधी द्या."

या लोकांना. हे लोक म्हणजे कोण, ते खोलीत सगळ्यांना कळलं. कारण ओळख करून देताना सर बाकीच्यांची फक्त नावं सांगायचे. माझं तेवढं आडनावासकट. दोन वर्षं मला वाटायचं, मान देतात. एवढी मी बावळट.

मॅडमना माझी दया आली. "जाऊ द्या हो, होतं असं," म्हणाल्या आणि चहा मागवला. मी अर्धा तास टेबलाखाली वाकून वायर दाबून धरली. वर पडद्यावर पाकिटं सरकत होती. त्यातली चार मी काढलेली. सर सांगत होते, बाकीचे वा वा करत होते. काम आम्हाला मिळालं. परतताना गाडीत सर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको गं. झकास झालं."

मनाला लागलं होतं. खूप लागलं होतं. पण उलट बोलायचं मला शिकवलेलं नव्हतं.

माझे पप्पा महापालिकेत सफाई कामगार होते. लहानपणी एकदा मी त्यांचा डबा घेऊन मानखुर्दच्या सफाई चौकीवर गेले होते. मुकादम ओरडत होता. पप्पा दोन्ही हात मागे बांधून, नजर आपल्या बुटांवर लावून उभे होते. कचऱ्याची गाडी बंद पडली होती म्हणून. गाडी पप्पा चालवतसुद्धा नव्हते. मुकादम गेल्यावर त्यांनी डबा उघडला आणि मला म्हणाले, "उत्तर दिलं की लांबतं, बाळा. ऐकून घेतलं की संपतं."

मी ते जपून ठेवलं. ऑफिसात मी अगदी तशीच उभी राहायचे. हात मागे. नजर चपलांवर.

घाटकोपरला व्हिडिओचा आवाज आला नाही. मला झापलं. अंधेरीत सर स्वतःच क्लायंटचं नाव चुकले. मला झापलं. मग मी वेड्यासारखी तयारी करायला लागले. दोन वायरी, पेन ड्राइव्ह, रिमोटचे सेल, सगळ्या स्लाइडचे छापील संच. तरी ऐन वेळी काहीतरी बिघडायचंच. मला वाटायचं, माझंच काहीतरी कमी पडतंय.

मग ऑफिसात दोन नवीन मुलं लागली. सर त्यांना शिकवायला बसले, क्लायंटसमोर काही बिघडलं तर काय करायचं. माझी बॅग त्यांनी टेबलावर उपडी केली. वायर दाखवली. सेल दाखवले. छापील संच दाखवले. मी तिथेच उभी होते. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आणि हा आपला सगळ्यात भारी बॅकअप. काही बिघडलं की खोलीत एकदम शांतता होते ना, ती आपल्या अंगावर घ्यायची नाही. कुणाला तरी झापायचं. क्लायंटला कसंतरी होतं, तोच म्हणतो जाऊ दे. पण सगळ्यांना नाही झापता येत. कोण रडतं, कोण उलट बोलतं. ही मस्त उभी राहते."

मुलं हसली. सरही हसले. ते माझं कौतुक करत होते.

इतके दिवस मी समजत होते की सर चिडतात. ते कधी चिडलेच नव्हते. पप्पांनी मला दिलेलं ते उभं राहणं, त्यांनी वायरीबरोबर बॅगेत भरलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं नाही.

त्यानंतर बोरिवलीला गेलो, एका फरसाणवाल्यांकडे. सकाळी गाडीत सरांनी जुन्या फाइलमधल्या काही स्लाइड नवीन फाइलमध्ये टाकल्या. तिसरी स्लाइड आली आणि पडद्यावर फरसाणाच्या जागी मुलुंडचा मसाला.

"हे आमचं नाही," मालक म्हणाले.

शांतता झाली. सर माझ्याकडे वळले. "काय गं हे? डोकं कुठे असतं तुझं?"

माझे हात आपोआप मागे गेले. चपला दिसल्या. एका चपलेचा पट्टा मी दोऱ्याने शिवला होता. मग मी मान वर केली.

"सर, ही स्लाइड सकाळी गाडीत तुम्ही टाकलीत. मी नाही."

मग छापील संच काढले आणि मालकांपुढे ठेवले. "तुमची पाकिटं यात आहेत. बरोबर आहेत."

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, आपसातलं नंतर बघा," म्हणाले. माझं झापून घेणं लोकांना चालायचं. माझं खरं बोलणं चाललं नाही. काम गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना माझ्याकडून फरसाणवाल्यांना एक मेल हवी होती. चूक माझी, माफी माझी. दोनच ओळी.

"उद्या सकाळपर्यंत पाठव आणि विषय संपव. नाहीतर मला तुझ्या जागेचा विचार करावा लागेल."

संध्याकाळी घरी पप्पांना सगळं सांगितलं. ही नोकरी गेली तर घर कशावर चालायचं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "पप्पा, माफी मागितली की संपेल."

ते आपल्या पायांकडे बघायला लागले. घरातही त्यांची नजर तिथेच जाते. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"संपत नव्हतं गं," ते म्हणाले. "माझं बी कधीच संपलं नाही. तुला उगाच सांगितलं मी."

मी लॅपटॉप उघडला. दोनच ओळी लिहिल्या. चुकीची स्लाइड सरांनी टाकली होती. मी माफी मागणार नाही. फरसाणवाल्यांना पाठवली, सरांनाही पाठवली. उद्या दहाला मी ऑफिसात जाणार आहे. काढायचं तर त्यांनी तोंडावर सांगून काढावं, मी मान वर करून ऐकेन आणि उत्तर देईन. लांबलं तर लांबू दे.

मेलखाली मी माझं नाव लिहिलं. आडनावासकट.