न सापडलेल्या माणसाचा हेवा

क्रांती चौकाजवळ कूलर दुरुस्त करणाऱ्या बद्रीनाथला मेघाच्या पहिल्या नवऱ्याचा हेवा वाटायचा. तो नवरा, अभय, कंपनीच्या कामासाठी ईशान्येकडं गेला आणि त्याचं छोटं प्रवासी विमान बर्फाच्या डोंगरांवरून जाताना नाहीसं झालं. ना तुकडा सापडला, ना कारण कळलं. सात वर्षांनी कोर्टानं त्याला मृत धरलं, मग बद्रीनाथचं मेघाशी लग्न झालं.

मेलेल्याचं निदान श्राद्ध घालता येतं. याचं काय करायचं? मेघानं आमटीत गूळ जास्त टाकला, की ‘त्याला गोड आवडत असेल’ असं बद्रीनाथच्या मनात यायचं. घरावरून विमान गेलं, की मेघा मुद्दाम वर बघायची नाही. ते त्याला अधिकच लागायचं.

यंदा उन्हाळ्यात टीव्हीवर बातमी आली. तिकडच्या मेंढपाळांना विमानाचा पत्रा दिसला होता.

“सापडलं एकदाचं!” बद्रीनाथ बोलून गेला.

मेघानं वळून पाहिलं. “तुम्हाला बरं वाटलं?”

त्यानं टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानंच तिला मोटारसायकलवर गंगापूरला, अभयच्या आईकडं नेलं. मेघा चहा ठेवायला आत गेली तशी लीलाबाई म्हणाली, “खरं सांग, तुला काय वाटतं?”

“सापडावं, मावशी. तो येईल या भीतीनं मला झोप नाय. मेला म्हणून कळलं तर मी सुटंन.”

आता म्हातारी हाकलून देणार, असं त्याला वाटलं.

“मला तर तुझा लई राग येतो,” लीलाबाई म्हणाली. “ती इथं होती तवर आम्ही दोघी त्याच्याबद्दल बोलायचो. तिला तू घेऊन गेलास. आता मी कुणाशी बोलू?”

तेवढ्यात मेघा चहा घेऊन आली.

परतताना रस्त्यात मेघाला अभयच्या कंपनीतून फोन आला. पत्रा भलत्याच, फार जुन्या विमानाचा निघाला होता. ती त्याच्या पाठीला डोकं टेकून रडू लागली. बद्रीनाथनं गाडी लिंबाखाली थांबवली. मग त्यानं विचारलं,

“कसा होता गं तो?”

मेघानं डोळे पुसले आणि सांगायला लागली. अभय कसा चिडवायचा, गाणी कशी चुकीची म्हणायचा. मधेच ती हसलीसुद्धा. गाडी सुरू झाली तरी ती त्याच्या खांद्याला धरून बोलतच होती, आणि बद्रीनाथला वाटत होतं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.