गाठीचं धनुष्य
आज घरी सुताराने रंधा मारला आणि लाकडाच्या वासासरशी मला धूलकोट गावाजवळचं एक अंगण आठवलं; धनुष्य कसं करतात ते पाहायला मी तिथं गेले होते. तिथल्या धनुष्य करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडे वर्षभर वाळवलेली एकच काठी उरली होती, तीही वाकडी आणि गाठीची. ते पाणी प्यायला उठले तेव्हा मदत म्हणून मी कोयत्याने गाठ साफ करायला घेतली. “मॅडम, हात हटवा!” ते ओरडलेच. “गाठ छिलली तर धनुष्य तिथंच तुटेल. तिच्या आजूबाजूला लाकूड जास्त सोडावं लागतं.” मग गाठीला वळसा घालत त्यांनी काठी तासली, दोरी चढवली आणि बाण लावून ती कानापर्यंत ओढली. बाण थेट पलीकडच्या मोहाच्या खोडात रुतला. “ताई, फळीत गाठ आहे, बदलून आणू?” सुतार विचारत होता. “राहू द्या,” मी म्हटलं, “फक्त तिथं रंधा जपून मारा.”