मावशीचा अंगठा

बाळाच्या नाकावर अंगठा ठेवण्याआधी मावशी डोळे मिटायची. पाटावर पाय लांब करून बसलेली, पायांवर उताणं बाळ, शेजारी कोमट तिळाच्या तेलाची वाटी. आम्ही बायका भोवती कोंडाळं करून बघत असू. "न बघता कसं हो जमतं मावशी?" असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "डोळ्याला काय कळतंय? हाताला पुसा."

आमच्या कॉलनीतल्या निम्म्या माणसांची पहिली आंघोळ तिच्या हातची. माझीही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी अशी बाई तुमच्या गल्लीतही असेल, पण आमची मावशी मेंढरं राखणाऱ्या घरातली. गंगापूरकडच्या रानात कोकरं चोळता चोळता तिचा हात तयार झालेला. पोरगं कितीही किंचाळो, तिच्या पायांवर आलं की दोन मिनिटांत गप्प. मी ते शंभरदा पाहिलंय आणि दर वेळी तोंडात बोट घातलंय. नाक ही तर तिची खासियत. चिमटीत धरून वरून खाली हलकेच ओढायची, रोज, चाळीस दिवस. नाक धारदार निघालं की श्रेय मावशीला, नकटं निघालं की बापाला.

माझं नाक मात्र तिला बधलं नाही. मोठं आणि पसरट. मला बघून गेलेल्या एका स्थळाकडच्यांनी निरोप धाडला, "मुलगी चांगली आहे, पण नाक जरा..." तो 'जरा' माझ्या डोक्यात जाऊन बसला. नोकरी होतीच. आईशी भांडून मी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं.

पट्टी निघाली तेव्हा नाक बारीक झालं होतं खरं, पण शेंडा डावीकडे कलला होता. सूज उतरू द्या, डॉक्टर म्हणाले. सूज उतरली, शेंडा तिथंच राहिला. उजव्या नाकपुडीतून श्वास घेताना बारीक शिट्टी वाजू लागली. सगळे "छान झालंय गं" म्हणत आणि मला ते टोमण्यासारखं लागे. आमच्याकडे मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटी चालवतात. मी तो क्रांती चौकातल्या दुकानात शिरल्यावरही सोडत नसे. पुढे लग्न झालं, पण अल्बमभर मी एकाच बाजूने दिसते. ऑपरेशनचं सासरी नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

बाळंतपणाला माहेरी आले, मुलगी झाली. नर्सने तिला हातात दिलं. एवढ्याशा तोंडावर माझं जुनं नाक! मी टाकून दिलेलं, जसंच्या तसं.

बाळाचं झालं की मावशी मलाही चोळायची. पहिल्याच दिवशी मी बजावलं, "नाकाला हात लावू नका." "नाय लावत," ती म्हणाली. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं चोळायची आणि नाकाला वळसा घालून जायची. का म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. आठ दिवस असे गेले आणि नवव्या दिवशी मीच म्हणाले, "लावा."

तिने डोळे मिटले. तेलाचा अंगठा दोन भुवयांमधून निघाला आणि सावकाश शेंड्यापर्यंत आला. तिथं थांबला.

"लई दुखलं व्हय गं?"

मला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी तिच्यासमोर लहान पोरीसारखी हमसून हमसून रडले. तिने थांबवलं नाही, नुसती हातपाय चोळत राहिली.

"वाकडं झालंय ना?" मी विचारलं.

"झालंय. डावीकडं, थोडं."

"शिट्टीपण वाजते."

"वाजू दे. मेंढरं हाकायला कामी यील."

रडता रडता मी हसले. खरं बोलणारं माणूस भेटल्याने मन केवढं हलकं झालं! त्याच भरात म्हणाले, "मावशी, हिचं नाक जरा जास्त दाबा. माझ्यासारखं नको राहायला."

मावशीने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चाळीस वरसं नाकं दाबती मी. खरं सांगू? एक बी हाललं नाय. तुझं तर लई दाबलं."

"मग दाबता कशाला?"

"आईला बरं वाटतं. आई निवांत झाली की लेकरू निवांत झोपतं." मग बाळाला पुन्हा पायांवर घेऊन तिने अंगठा तेलात बुडवला. "बोल, तुला बरं वाटत आसंल तर दाबती."

चाळीस वर्षं ही बाई बाळांच्या नाकावरून हात फिरवून आयांची समजूत काढत होती, आणि आम्हाला वाटायचं ती नाकं घडवते.

"नको," मी म्हणाले.

बारशाला सासूबाई आल्या. पाळण्यात वाकून म्हणाल्या, "अगं बाई, हे नाक कुणावर गेलं?" बायका आपापल्या परीने अंदाज करू लागल्या. मी म्हणाले, "माझ्यावर," आणि कपाटातून कॉलेजचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. सासूबाई एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. कोपऱ्यात मावशी पदर तोंडाला लावून हसत होती.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. मला आठवड्याने कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लेक शाळेतून आली आणि दप्तरासकट आरशापुढे उभी राहिली. आता तेरा वर्षांची आहे. "आई, माझं नाक मोठंय ना?"

"छे गं" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी तेल कोमट केलं आणि तिला समोर बसवलं. डोळे मिटून अंगठा तिच्या भुवयांमधून खाली आणला, शेंड्यापर्यंत.

"आहे मोठं," मी म्हणाले. "कुणी बोललं का? फार लागलं का गं?"

थोड्या वेळाने माझ्या अंगठ्याला तिच्या डोळ्यांतलं पाणी लागलं, तरी मी डोळे उघडले नाहीत.