मिस्तरींची मूठ

काचेच्या कारखान्यात भट्टी सांभाळण्यात मिस्तरींचा हात धरणारा कोणी नव्हता. आता मात्र सकाळी बोटांचे सांधे सुजून लालबुंद व्हायचे आणि मूठ मिटायची नाही. मूठ मिटली नाही तर फावडं कसं धरणार? बसून खाणं मिस्तरींना मरणाहून वाईट वाटायचं. हट्टाला बक्षीस असतं, तर त्यांच्या घरात ठेवायला जागा उरली नसती.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. अंगातल्या राखणदार पेशी एरवी गुमान असतात. कोणी चिथावलं की साखर बकाबका खाऊन पेटून उठतात आणि जंतूंवर तुटून पडतात. यांच्या पेशी शत्रू नसतानाच पेटल्या होत्या आणि सांध्यांनाच खात होत्या. गोळ्या रोज घ्यायच्या, एवढंच काम होतं.

मिस्तरींनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. जाळ अनावर झाला की भट्टीवाला इंधन तोडतो. त्यांनी गोळ्या फडताळात टाकल्या आणि जेवण तोडलं. दिवसाकाठी दोन घास, तेही बायकोच्या समाधानासाठी. ती चिडली, रडली, अबोला धरून पाहिला.

"अहो, पोट म्हणजे भट्टी नाही," ती शेवटी म्हणाली.

मिस्तरींनी तिच्यासमोर मूठ मिटून दाखवली. सूज खरंच उतरली होती. मग तिनेही नाद सोडला, आणि ते तिला पुढे जन्मभर सलत राहिलं.

अंगावरचे कपडे लोंबू लागले. अशात एकदा तापलेल्या काचेचा तुकडा पावलावर पडला. भाजल्याच्या असल्या जखमा त्यांना कितीतरी झाल्या होत्या, सगळ्या आपोआप भरलेल्या. ही काही भरेना. पण ताप नव्हता, म्हणून दोघंही निर्धास्त राहिली. पाऊल काळंनिळं पडलं तेव्हा तिने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

ताप किती होता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. अजिबात नव्हता, बायकोने जरा अभिमानानेच सांगितलं. बाईंनी पाऊल पुन्हा एकदा निरखलं.

"यायला हवा होता," त्या म्हणाल्या. "जंतूंशी लढायला पेशींना तोच जाळ लागतो. त्यांच्या अंगात आता तो उरलेला नाही."

विष रक्तात भिनलं होतं. मिस्तरी गेले तेव्हा बायकोचा हात त्यांच्या मुठीत होता. मूठ अगदी पूर्वीसारखी मिटत होती.